अक्काच्या चेहऱ्यावरचं तेल

आमच्या घरात अक्काचा एकच नीट फोटो होता, आणि तो अक्काचा नव्हता.

हे कोड्यासारखं वाटेल, पण यात कोडं काही नाही. सरळ सांगते.

आम्ही सिद्दी. कर्नाटकात हल्याळच्या जंगलाकडची आमची माणसं. फार पूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली, मग कधीतरी गोव्याकडून पळून रानात शिरलेली, असं म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना विकत आणलं त्यांची वंशावळ कोण ठेवणार? आमच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. आमचं घर ख्रिस्ती. आईला लहानपणी नन्सनी सांभाळलं, आणि त्यांनी पनवेलला दवाखाना काढला तेव्हा तिला आया म्हणून सोबत आणलं. बाबा गवंडी होते. नवीन पनवेलच्या इमारती तेव्हा उभ्या राहत होत्या, त्यामुळे हाताला काम कायम. जुन्या पनवेलात लाइन आळीच्या मागे दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो: आई, बाबा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का आणि मी.

अख्ख्या पनवेलात आमच्यासारखं दिसणारं दुसरं घर नव्हतं. बाजारात भाजीवाला आमच्याशी हिंदीत बोलायचा. मी मराठीत उत्तर दिलं की शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, ‘बघा, शिकली पण!’ जसं काही मी कालच बोटीतून उतरले होते. क्रिकेटचे दिवस असले की पोरं मागून ‘वेस्ट इंडिज, वेस्ट इंडिज’ करत यायची. आणि शाळेत तर इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याचा सिद्दी आला रे आला, की सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. जंजिऱ्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण महाराजांना इतका त्रास दिल्याबद्दल मधल्या सुट्टीत माझे केस ओढले जायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चावायचे, ओरबाडायचे. अक्का तशी नव्हती. ती हसून पुढे जायची, आणि मला तिचं ते हसणंच आवडायचं नाही.

आई आठवड्यातून एकदा दवाखान्याच्या गाडीतून सिस्टरांबरोबर डोंगराकडच्या नेरे गावाला जायची. तिथे डोंगरातल्या कातकरी बाया औषधाला येत. त्यातली एखादी आईचा हात हातात घेऊन विचारायची, ‘तू कुनच्या वाडीची गं?’ आई घरी येऊन ते आम्हाला सांगायची तेव्हा तिचा चेहरा फुललेला असायचा. तेवढी एकच जागा होती जिथे तिला कुणी बाहेरची धरत नव्हतं.

आईचा देव साधा होता. तिला वाचता जेमतेम यायचं, पण जे ऐकलं ते तिने घट्ट धरलं होतं. देवानं माणूस आपल्यासारखा घडवला, तर आपल्यालाही त्यानंच घडवलं, यापलीकडे तिला काही नको होतं. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघण्याआधी ती आम्हा दोघींना पुढ्यात बसवायची, तळव्यावर खोबरेल घ्यायची आणि आमच्या तोंडाला चोळायची. कपाळ, गाल, नाक, कानाच्या पाळ्यासुद्धा. आमची कातडी अशी काही चमकायची की बस. मी कुरकुर केली की म्हणायची, ‘चमकू दे. देवाला दिसलं पायजे ना. देवानं रंग देताना हात राखला नाय आपल्यावर, भरभरून दिला. मग आपून कशाला लपवायचा?’

चर्चमधल्या इतर बायका तोंडाला पावडर लावून यायच्या. त्यांच्या रांगेत आम्ही तिघी तेल लावून बसायचो. मला लाज वाटायची. अक्काला वाटत नव्हती, निदान तेव्हा तरी.

अक्का सुंदर होती. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. मी तिच्यावर जळायचे. तिचं कपाळ मोठं, गालाची हाडं वर आलेली, मान लांब. ती प्रभूची गाणी गायला उभी राहिली की मागच्या बाकांवरची पोरंही गप्प व्हायची. पण हे सगळं कुठल्याच फोटोत उतरत नव्हतं. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतला त्या दिवशीचा, गटाचा फोटो बघा: पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलींची रांग, प्रत्येकीचे नाकडोळे स्पष्ट, आणि मधे अक्काच्या जागी एक पांढरा फ्रॉक, त्यावर काळा ठिपका. शाळेचा फोटोही तसाच. फोटो काढणारा उजेड गोऱ्या पोरांच्या हिशेबाने लावायचा, आम्ही अंधारात राहायचो. आम्हाला वाटायचं, फोटोत येणं आमच्या नशिबातच नाही.

अक्का वयात आली तशी बाबांना घाई झाली. आमच्याकडची मुलं हल्याळला, रानात मजुरी करणारी. बाबांना मुलगी परत तिकडे पाठवायची नव्हती. ‘येवढं करून बाहेर पडलो, ते काय परत जायला?’ म्हणायचे. मग चर्चमध्ये धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बाईंनी एक स्थळ सुचवलं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. जाड चष्मा, इस्त्रीची सुती साडी, आवाज मऊ. अक्काला आणि मला त्यांनीच देवाच्या गोष्टी शिकवल्या; अक्का तर त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. लग्नं जुळवायची त्यांना हौस होती. मुलगा उरणचा, बंदरात नोकरीला, घर ख्रिस्ती, निर्व्यसनी. ‘आधी फोटो पाठवा,’ बाई म्हणाल्या, ‘फोटो बघून ते येतील.’

टपाल नाक्याजवळ एक स्टुडिओ होता. आम्ही सगळे गेलो. रविवार होता, मिस्साहून थेट, त्यामुळे अक्काच्या तोंडाला आईचं तेल होतं. फोटोग्राफरने तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि वैतागला. ‘तेल कशाला लावलंत? चकाकतंय सगळं.’ त्याने नॅपकिन पुढे केला. अक्काने तोंड पुसलं, पण खोबरेल असं एका पुसण्यात जातं थोडंच. मग त्याने बाबांना विचारलं, ‘लग्नासाठी ना? मग ब्लॅक अँड व्हाइट घ्या. कलरमध्ये काही करता येत नाही. यात टचिंग होतं.’

तेव्हा ही पद्धतच होती. घरोघरी रंगीत फोटो आले होते, पण मुलीचा दाखवायचा फोटो मात्र ब्लॅक अँड व्हाइट. निगेटिव्हवर जिथे रंग चढतो तिथे फोटो उजळ येतो, म्हणून तिच्यावर बारीक ब्रशने रंग फिरवायचा, पेन्सिल फिरवायची, की मुलगी गोरी. पनवेलातल्या कितीतरी गव्हाळ मुली तशा गोऱ्या होऊन लोकांच्या घरी जाऊन आल्या होत्या. सगळ्यांना ते ठाऊक असायचं. बघायला येणारे मनातल्या मनात दोन छटा उतरवूनच यायचे. आमची चूक एवढीच झाली, की उतरवायच्या छटा किती, हे आमच्या बाबतीत कुणालाच कळणार नव्हतं.

फोटो आला. गोरीपान, गुळगुळीत, कुणाच्याही घरातली मुलगी. गालाची हाडं नाहीत, कपाळावर चमक नाही. आईने तो हातात धरला आणि म्हणाली, ‘ही कोन?’

बाबा म्हणाले, ‘आता असंच करतात.’

‘पन ही कोन?’

मी अक्काकडे बघितलं. ती फोटोकडे बघून हसत होती. नेहमीचं, पुढे निघून जाण्याचं हसू नव्हतं ते. ती खरोखर खूश झाली होती. मला फोटो फाडून टाकावासा वाटला, आणि मी फाडला नाही, कारण तिला इतकं खूश मी कधी बघितलंच नव्हतं.

उरणची माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि बाई. अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने कप उचलला, हसून ‘थँक्यू’ म्हटलं आणि आतल्या दाराकडे बघत राहिली. बाकीच्यांचेही कप झाले. अक्का ट्रे धरून उभी. मुलाची आई म्हणाली, ‘बोलवा ना मुलीला.’

बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. शेवटी अक्काच म्हणाली, ‘मीच.’

ती माणसं वाईट नव्हती. ओरडली नाहीत, फसवलं म्हणाली नाहीत. आईने केलेले तांदळाचे पोळे पुढे ठेवले तेव्हा मुलाच्या आईने डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभारही मानले. मग घड्याळ बघितलं, शेवटची एसटी चुकेल म्हणाली, आणि सगळे उठले. ताटलीतला एकही पोळा हलला नव्हता. उरणची एसटी रात्रीपर्यंत असते हे पनवेलात कुत्र्यामांजरालाही माहीत आहे.

त्या रात्री आमच्या घरात जेवण झालं नाही.

पुढच्या रविवारी आई तेलाचा तळवा घेऊन बसली तर अक्का म्हणाली, ‘मला नको. तेलाने माणूस अजून काळं दिसतं.’ आईचा हात तसाच राहिला. मग तिने ते सगळं तेल माझ्याच तोंडाला फासलं, इतकं की माझ्या डोळ्यांत गेलं.

अक्काला आता गोरं होण्याच्या मलमाची एक पांढरी डबी मिळाली होती. त्यावर ना नाव, ना चिठ्ठी. मुंबईहून कुणीतरी आणायचं आणि बाई ती अक्काला द्यायच्या. प्रेमाने द्यायच्या, हे मला आजही मान्य करावं लागतं. ‘प्रार्थना कर आणि हे लाव,’ त्यांनी सांगितलं होतं. देवानं आपल्या रूपात माणूस घडवला हे आम्हाला शिकवणारी बाई ही. मी एकदा भर वर्गात विचारलं होतं, ‘बाई, मग देव काळा पण असेल ना?’ पोरं खिदळली. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, ‘देव आत्मा आहे बाळ, त्याला रंग नसतो.’ पण चर्चच्या भिंतीवर होता तो चांगला गोरा होता, आणि निळ्या डोळ्यांचा होता.

मोरीचा पडदा ओढून अक्का ते मलम लावायची. हळूहळू तिच्या तोंडाचा रंग फिका पडायला लागला. कान आणि मान होते तसेच. लांबून असं वाटायचं की तिने दुसऱ्या कुणाचं तरी तोंड लावलंय. आईला डबी सापडली तेव्हा तिने ती गटारात भिरकावली आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कावर हात उगारला. मारलं नाही. ‘कुनाला फसवतेस गं?’ म्हणाली, ‘ज्यानं केलं त्याला?’

अक्का म्हणाली, ‘त्याला काय जातंय? त्याला कुठे ट्रे घेऊन उभं राहायचंय?’

आठवड्याभरात दुसरी डबी आली.

मग तिचं तोंड सुजायला लागलं. सकाळी डोळ्यांखाली फुगायचं, संध्याकाळी पायांवर उतरायचं. कातडी ताणली जाऊन आणखी फिकी दिसायची. आणि चर्चमधल्या बायका काय म्हणाल्या? म्हणाल्या, ‘अंगानं भरली हो तुमची मुलगी. रंगपण किती उजळला!’ एकजण नाही, कितीतरी जणी. बाईंनी तर उरणला पुन्हा निरोप पाठवायचं ठरवलं. अक्का आनंदात होती. चपला पायात जाईनात तरी ती आरशासमोरून हलत नव्हती. ती मरायला टेकली होती, आणि अख्खं चर्च तिच्या रूपाचं कौतुक करत होतं.

दवाखान्यातल्या सिस्टरने एकदा तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. त्यांनी तडक मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. मूत्रपिंडं गेली आहेत, असं तिथे सांगितलं. एका तरुण डॉक्टरने विचारलं, ‘तोंडाला काय लावता?’ अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. त्या मलमानेच झालं का, हे आम्हाला कुणी ठामपणे सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. विचारायचं असतं हे आमच्यासारख्यांना माहीत कुठे होतं?

अक्का ईस्टरआधीच्या उपासकाळात गेली. चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या होत्या तेव्हा.

तिला घरी आणलं. न्हाऊ घालून पांढरी साडी नेसवली. बाई पावडरचा डबा घेऊन पुढे झाल्या. आईने त्यांचं मनगट धरलं. ‘हात लावू नका,’ एवढंच म्हणाली. मग तिने तळव्यावर खोबरेल घेतलं आणि सगळ्यांदेखत अक्काच्या तोंडाला लावलं. कपाळ, गाल, नाक, कानाच्या पाळ्या. चोळत राहिली. पण ते तोंड चमकलं नाही. राखेसारखं झालेलं, सुजलेलं होतं ते; तेल नुसतं वर तरंगत राहिलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्याला मी दुःख म्हणणार नाही. ती घाबरली होती. तिला तिची पोर सापडत नव्हती.

माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी मिस्सा होते, तिला आमच्यात छोटं कार्ड छापतात. वर फोटो, खाली प्रार्थना. बाबांनी तो स्टुडिओतला फोटो दिला. दुसरा होताच कुठे? मिस्सा सुटल्यावर बाबा दाराशी उभे राहून कार्डं वाटत होते. एक म्हातारी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, ‘ही कोण हो? मला वाटलं तुमच्या मोठ्या मुलीची मिस्सा आहे.’

आई पुढे झाली आणि तिने म्हातारीच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. मग पुढच्या माणसाच्या हातातलं. मग त्याच्या पुढच्या. पायऱ्या उतरणाऱ्या माणसांच्या हातांतून, प्रार्थनेच्या पुस्तकांतून ती कार्डं ओढून घेत गेली. बाबा ‘अगं, अगं’ करत राहिले. लोक बाजूला झाले. मला तिची लाज वाटली नाही. मीही कार्डं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन स्टुडिओत गेली. कार्ड काउंटरवर ठेवलं. ‘हिच्याखाली माझी पोर हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी वरून रंग लावला तो काढा.’

मला वाटलं, फोटोग्राफर हसेल. त्याने कार्डावरचा क्रूस बघितला, मग आईला बघितलं, आणि आत जाऊन खोके उपसू लागला. बऱ्याच वेळाने निगेटिव्ह घेऊन आला. ‘सुटतो रंग पाण्याने,’ म्हणाला, ‘पण आई, खाली फार काही मिळेल असं नाही. अंधारच आहे सगळा. म्हणून तर टचिंग केलं.’

‘तुमी काढा,’ आई म्हणाली.

त्याने आम्हाला आतल्या काळोख्या खोलीत येऊ दिलं. तांबडा दिवा होता. निगेटिव्ह पाण्यात धरून त्याने कापसाने हलकेच पुसलं, वाळवलं, आणि यंत्राखाली धरून एका कागदावर उजेड पाडला. मग तो कागद औषधाच्या तबकात सोडला. कोरा कागद औषधाखाली हलत होता. आईने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

सगळ्यात आधी चेहरा आला. पडदा नाही, साडी नाही, चेहरा. ‘काळं आधी उमटतं,’ फोटोग्राफर हळूच म्हणाला. गोऱ्या माणसाच्या फोटोत आधी केस येतात, भुवया येतात, तोंड मागून येतं. अक्का अख्खीच आधी आली. आणि त्या काळोखात तिचं कपाळ उजळलेलं होतं. गालांची हाडं, नाकाचा शेंडा, ओठाच्या वरची कड. त्या रविवारी नॅपकिनने न पुसलं गेलेलं आईचं तेल. त्या तेलावर दिव्याचा उजेड पडला होता, म्हणूनच ती दिसत होती. तेल नसतं तर खरंच नुसता अंधार निघाला असता.

फोटोग्राफरने फोटो दुसऱ्या औषधातून, मग पाण्यातून काढला, तसा आईने तो ओलाच दोन्ही हातांत घेतला. ‘हीच,’ म्हणाली. मग ती तिथेच खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मोठ्याने, बाजारातल्या माणसांना ऐकू जाईल असं. फोटोग्राफर बाहेर जाऊन उभा राहिला.

तो फोटो आम्ही चिनीमातीवर उतरवून घेतला आणि कबरीच्या क्रुसात बसवला. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही मेणबत्त्या घेऊन गेलो. आईने पदराला बांधून छोटी बाटली आणली होती. बोटावर खोबरेल घेऊन ती फोटो पुसत होती तेवढ्यात बाई आल्या. फुलं ठेवली, वाकल्या, चष्मा सावरून फोटोकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं. शेवटी त्यांनी मला अगदी हळू, अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘ही कोण गं?’

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, वर्षानुवर्षांचं. पण आईने मान वर केली नाही, बोट थांबवलं नाही.

‘तुमच्यापुढे बसायची की, बाई,’ ती म्हणाली. ‘पयल्या बाकावर.’